कालचं माप चालणार नाही

माघ अर्धा सरला की आमच्या वाळवा तालुक्यात गावोगावच्या भिंतींवर कुस्त्यांची पत्रकं लागतात. एसटी स्टँडच्या खांबावर, सोसायटीच्या दारावर, चहाच्या गाड्यावर. लाल शाई, दंड फुगवून उभ्या पैलवानांचे फोटो, आणि अगदी खाली बारीक अक्षरात एक शब्द : निवेदक. त्या शब्दापुढं सव्वीस वर्षं माझं नाव छापलं जायचं. इस्लामपूरजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवतो. ते पोटासाठी. यात्रांच्या हंगामात मैदानात माईक घेऊन उभा राहतो. ते माझ्यासाठी.

निवेदकाचं काम बाहेरच्यांना सांगावं लागतं. मैदानात दोघं उतरतात. हजारो माणसं बघत असतात, पण ते दोघं कोण, हे कुणालाच धड ठाऊक नसतं. निवेदकानं सांगायचं. हा अमक्या गावचा, तमक्या तालमीचा, याची आई दोन म्हशींचं दूध डेअरीला घालून याला बदाम चारते, गेल्या वर्षी याचा खांदा निखळला होता आणि तरीही आज आलाय. मग त्या दोघांच्या मागं सगळं मैदान उभं राहतं. आवाज मोठा लागतोच, पण नुसत्या मोठेपणानं भागत नाही. नाव उच्चारताना त्या नावाला उंची द्यावी लागते. सव्वीस वर्षं मला ते जमत होतं.

यंदाही पत्रकं लागली. मैदानाची माती उकरायला घेतली, तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल पडलं, आणि रस्त्यानं जाता जाता तो आंबूस ओला वास आला. पूर्वीसारखा नाही आला. अर्धा आला, उरलेला मी आठवणीनं भरून काढला. तिथंच थांबलो, आणि गेल्या वर्षीचा हंगाम डोळ्यांपुढं आला. माझ्या आयुष्यातला तो एकच हंगाम मी एकही मैदान न बघता काढला.

तंबाखू मी खात होतो. दुसऱ्या कुणी मान हलवत सांगण्याआधी मीच सांगतो. मैदानात पाच-पाच तास उभं राहायचं तर चिमूट लागायचीच, असं स्वतःला समजावत वीस वर्षं खाल्ली. चूक माझी. पण चूक केली म्हणून मुकाट मरून जावं, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्याशी माझं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पौषात उजव्या कानात ठणका सुरू झाला. कानात काहीच निघालं नाही. घास गिळताना आत कुठंतरी खडा असल्यासारखं टोचायचं. सांगलीच्या डॉक्टरांनी हातमोजा घालून जिभेच्या पार मुळापर्यंत बोट नेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तुकडा तपासायला गेला, आठवड्यानं कागद आला. जिभेच्या मुळाशी कॅन्सर, मानेत एक गाठ. माझी बायको मालन शेजारी बसली होती. तिनं कागदाकडं बघितलंच नाही, डॉक्टरांकडं बघत राहिली.

मी विचारलं, "बोलता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आधी जगायचं बघू."

"दोन्ही बघू," मी म्हणालो.

त्यांना राग आला नाही. त्यांनी चार फोन केले आणि आम्हाला मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या रुग्णालयात धाडलं. तिथं प्रोटॉन नावाच्या किरणांचा उपचार होता. सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. जोडीला आठवड्यातून एकदा औषधाचं सलाईन. माघाच्या मध्याला, गावात पहिली पत्रकं चिकटत असताना, आम्ही दोघं दोन पिशव्या आणि एक मिक्सर घेऊन रुग्णालयामागच्या एका खोलीत राहायला गेलो.

पहिल्या दिवशी मुखवटा केला. गरम पाण्यातून काढलेली जाळीदार पांढरी चादर चेहऱ्यावर पसरली, कपाळ, नाक, हनुवटी, खांद्यांपर्यंत दाबली, आणि बघता बघता ती कडक झाली. मग तो मुखवटा टेबलाला खिट्ट्या लावून बसवला. मान तसूभर हलेना, जबडा हलेना. आयुष्यात पहिल्यांदा मला एक शब्दही बोलता येत नव्हता. छताकडं बघत मी विचार केला, आवाज गेला तर असंच असणार. मग स्वतःवरच चिडलो. गेलेला नसताना गेल्यासारखं का पडायचं? मनातल्या मनात मी कुस्तीच्या जोड्या पुकारायला सुरुवात केली. पुढचे सात आठवडे रोज पुकारल्या. मनात किती मैदानं झाली, मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक बाई भेटल्या. तिशी नुकतीच ओलांडलेल्या, केस घट्ट बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. किरणांचं सगळं गणित त्या बघायच्या. कुठल्या दिशेनं सोडायचे, किती खोल न्यायचे, कुठं थांबवायचे. त्यांचं नाव तेजस्विनी. माझी फाईल उघडून त्यांनी गावाचं नाव वाचलं आणि एकदम त्यांची भाषा बदलली.

"मास्तर, तुमाला मी ऐकलंय. पाटणच्या मैदानात. बाबांच्या खांद्यावर बसून."

"कुठल्या तुम्ही?"

"कोयनानगरच्या. बाबा वीजगृहात होते."

मी म्हणालो, "मग तुमाला भूकंपाच्या हादऱ्यांची सवय असंल."

"व्हय की. आमच्याकडं सकाळी उठलं की भिंत कालच्या जागी हाय का, ते बगायची सवय लागती." आणि हसत हसतच त्यांनी मला पुढचं सांगितलं. नेहमीचे किरण अंगातून आरपार जातात. प्रोटॉन ठरल्या खोलीपर्यंत जातो, तिथं आपलं सगळं बळ टाकतो आणि थांबतो. म्हणून जिभेच्या मुळाशी मारा करून मागचा मज्जारज्जू, बाजूच्या लाळेच्या ग्रंथी, खालचं स्वरयंत्र वाचवता येतं. पण वाटेत किती मांस आहे, किती हाड आहे, किती पोकळी आहे, यावर त्याचं थांबणं ठरतं. "तुमी आता खाणार कमी. गाल बसतील, गाठ आटंल. मग वाटंतलं मांस कमी झालं की किरण पुढं जाणार. कालचं माप आज खोटं पडतंय. म्हणून आमी रोज सकाळी तुमचा नवा फोटो काढणार आन् रोज नवा आराखडा करणार. सगळीकडं अजून असं करत न्हाईत. आमीच थोड्या लोकांसाठी सुरू केलंय. वेळ लागंल. पडून ऱ्हावं लागंल."

"किती वेळ?"

"तुमचं मैदान चालतंय त्यापेक्षा कमी."

तर रोज सकाळी असं चालायचं. मुखवटा, खिट्ट्या, डोक्याभोवती फिरणारं यंत्र. मग शांतता. त्या शांततेत पलीकडच्या खोलीत माझं त्या दिवसाचं डोकं पडद्यावर उघडलेलं असायचं. संगणक गाठीभोवती, ग्रंथींभोवती रेघा ओढायचा. मोठे डॉक्टर आणि तेजस्विनी मॅडम त्या रेघा तपासायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. हिशोब नव्यानं व्हायचा, तोही तपासला जायचा. मग छतावरच्या स्पीकरमधून आवाज यायचा, "मास्तर, सुरू करतोय." किरण कळत नाहीत. ना ऊन, ना टोचणी. खोलीतून बाहेर पडल्यावर मात्र दिवसेंदिवस कळायला लागलं.

दुसऱ्या आठवड्यात चव गेली. भात, दूध, मालनची आंबील, सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. लाळ आधी दोरीसारखी चिकट झाली, मग आटली. गळ्याची कातडी काळवंडली. धाकट्या भावानं गावाकडून गुऱ्हाळावरच्या काकवीची बाटली धाडली. मालननं चमचाभर जिभेवर ठेवली. रंग दिसला, ऊब लागली, गोडी कुठंच नव्हती. मी बाटली उन्हात धरून बराच वेळ बघत बसलो. तेवढ्यात भावाचाच फोन आला, सांगत होता, कारखान्याचं धुराडं चालू आहे, गाड्यांची रांग लागलीय, मळीचा वास गावभर आहे. मला तो वास कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी मात्र हवा होता.

फोन खूप यायचे. पैलवानांचे, वस्तादांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे. सगळ्यांचं बोलणं एकच. "मास्तर, चितपट करा त्याला. आसमान दाखवा." त्यांचं प्रेम मला समजत होतं, पण संताप यायचा. मी सव्वीस वर्षं कुस्ती बघितलीय. कुस्तीत जोड बघून लावतात. समोरचा आधी हात मिळवतो. पंच असतो. हरलेल्याला जिंकणारा उठवतो. या आजारात यातलं काय आहे? आणि उद्या मी गेलो तर काय म्हणायचं, मास्तर कमी पडले? माझ्या शेजारच्या खोलीतला कोरेगावचा गृहस्थ माझ्याइतकाच हट्टी होता, आणि तो चौथ्या आठवड्यात गेला. तो हरला, असं कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं. मी कुणाशीही कुस्ती केली नाही. मी रोज सकाळी हजर राहिलो. त्यालाही ताकद लागते, पण त्या ताकदीला टाळ्या नसतात.

तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी शांतता लांबली. स्पीकरमधून आवाज आला, "मास्तर, थांबावं लागतंय. परत फोटो घिऊया." पुन्हा यंत्र फिरलं. पुन्हा शांतता. मग मुखवटा काढून मला बाहेर बसवलं, आणि तासाभरानं पुन्हा आत घेतलं. दुपारी मॅडम स्वतः सांगायला आल्या. गाठ आटून लाळेच्या ग्रंथीला चिकटली होती. संगणकानं रेघ ओढताना गाठीचा एक कोपरा ग्रंथीतच धरला आणि तो वाचवायच्या यादीत टाकला. तसंच पुढं गेलं असतं तर त्या दिवशी तेवढ्या कोपऱ्याला किरण कमी पडले असते.

मालननं विचारलं, "मशीनला कळलं न्हाई व्हय?"

"त्येला कालची मान पाठ होती, वहिनी," मॅडम म्हणाल्या. "म्हणून माणसानं बगायचं."

पाचव्या आठवड्यात मी मोडलो. हे लिहिताना संकोच वाटत नाही. तोंडभर फोड, थुंकीत रक्त. नाकातून नळी घालून घेतली होती, कारण वजन आणखी उतरलं तर रोजचं गणित अवघड होतं. ती घालून घेताना मला कमीपणा वाटला नाही. पण मुखवट्यात पडून राहणं असह्य झालं होतं. घसा भरून यायचा, खाकरता यायचं नाही, गुदमरून मरू अशी भीती वाटायची. बोलणं बंदच होतं. मी वहीत लिहून बोलायचो. त्या सकाळी दारातच मी मॅडमपुढं वही धरली. "आज कालच्याच मापानं द्या. दहा मिनिटांत सोडा. नाहीतर मी येत नाही."

त्यांनी वही वाचली. "बरं," म्हणाल्या. "आधी फोटो तर काढू."

फोटो काढला, मुखवटा सोडवला आणि त्या मला पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या. मालनलाही बोलावलं. पडद्यावर माझी मान होती, आडवी कापल्यासारखी, राखाडी. तिच्यावर लाल, पिवळे, निळे पट्टे. "हे आजचं डोकं," त्या म्हणाल्या, "आन् ह्याच्यावर कालचा आराखडा ठेवलाय. तुमी मागितला तसा." त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. गाल आत गेला होता, आणि लाल पट्टा कालच्या जागेवरून सरकून मागं, मज्जारज्जूच्या दिशेनं गेला होता. खालच्या बाजूला तोच लाल रंग एका छोट्या पोकळीच्या कडेला टेकला होता.

मी बोटानं विचारलं, हे काय?

"स्वरयंत्र."

मग मालन म्हणाली, "आवं, पाच-पाच तास उनात उभं ऱ्हातासा ना? मग अर्धा तास पडा की."

मी वहीत लिहिलं, "मोठे डॉक्टर कुठं आहेत?"

"त्येनी बी बगितलंय. पण तुमी सही करून सांगितलं तरी हे मी सोडणार न्हाई," तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमी उठून घरी जावा, ती तुमची मर्जी. चुकीचं माप माझ्या हातनं जाणार न्हाई."

असं माझ्याशी गेल्या कित्येक आठवड्यांत कुणी बोललं नव्हतं. सगळे गोड बोलत होते. मी वही मिटली आणि परत जाऊन टेबलावर पडलो. मुखवटाही सैल झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नव्यानं केला, माझ्या नव्या चेहऱ्याचा.

त्या टेबलावर पडल्या पडल्या मला एक गोष्ट समजली. गावाकडून येणारा प्रत्येकजण माझ्याकडं दोनच नजरांनी बघत होता. काहींना मी अजून तोच गरजणारा मास्तर होतो. त्यांना माझी वही दिसतच नव्हती. काहींच्या डोळ्यांत मी केव्हाच गेलो होतो. ते मालनशी बोलायचे, माझ्याशी नाही. आज सकाळी मी नेमका केवढा उरलोय, काय गेलंय, काय शाबूत आहे, हे रोज न चुकता विचारणारी माणसं त्या एका खोलीत होती. त्यांनी मला ना मोठा धरला, ना संपलेला. तेवढाच धरला जेवढा होतो. यापेक्षा मोठा मान मला कुठल्या मैदानात मिळाला नाही.

चैत्रात सुटलो. परत येताना कराडच्या पुढं उसाच्या मोकळ्या झालेल्या शेतांत पाचट पेटवलं होतं. घरी आल्यावर दोन महिने पाण्यावर आणि पातळ पेजेवर. मग हळूहळू घास. आवाज परत आला, पण दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. खरखरीत, बारीक, दोन वाक्यांनंतर कोरडा पडणारा. पाण्याची बाटली कायमची हातात. गिळण्याचे आणि जिभेचे व्यायाम सांगितले होते, ते मी आमच्या उसात जाऊन करायचो. डोक्याइतका ऊस, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू जात नाही. तिथं बांधावर उभा राहून मी जोड्या पुकारायचो. सुरुवातीला चार नावं. पावसाळ्यानंतर वीस. मग थंडीत तोड आली आणि माझा आडोसा गेला. तरी थांबलो नाही. तोडीला आलेल्या एका बाईनं मालनला विचारलं, "तुमचे मालक रोज कुणाशी भांडतेत?"

मालन म्हणाली, "कुणाशी न्हाई. त्यांचं मैदान त्येनी सुरू केलंय."

दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. गेल्या खेपेला फोटो स्वच्छ होता. मी तेजस्विनी मॅडमना विचारलं, पुढं काय? "पुढचं मला सांगता येत न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "आजचं चांगलं हाय."

आणि यंदा माघात यात्रा कमिटीचे तात्या घरी आले. चहा झाला. तात्या म्हणाले, "मास्तर, यंदा मैदानात तुमचा सत्कार ठेवलाय. फेटा, शाल, मानपत्र."

"आणि माईकवर कोण?"

तात्यांनी कपाकडं बघितलं. "कराडचे एक हायत. लय भारी बोलत्यात. तुमी आता इसावा घ्या की."

त्यांनी मानपत्राचा मसुदा दाखवला. मी वाचला. "ज्यांनी सव्वीस वर्षं मैदान गाजवलं, ज्यांच्या वाणीत तेज होतं, ज्यांचा सहवास आम्हांला लाभला." मी मराठीचा मास्तर आहे. सगळी क्रियापदं भूतकाळातली होती. मी लाल पेन काढलं आणि एकेक दुरुस्त केलं. 'होतं'चं 'आहे'. 'लाभला'चं 'लाभतो'. गाजवलं खोडून पुढं लिहिलं, गाजवतात, मग थोडं थांबून तेही खोडलं आणि शेजारी लिहिलं, बोलतात. तेवढं खरं होतं. कागद तात्यांना परत दिला.

"शाल नको तात्या. माईक द्या. कराडच्यांना बी ऱ्हाऊ द्या. मी दमलो की ते बोलतील."

तात्यांनी कागदाची घडी घातली. "मास्तर, राग नका धरू. पण आवाज पुरंल का?"

"आज आहे तेवढा पुरेल."

परवा मैदान झालं. उन्हं कलायला आली होती. गर्दी नेहमीएवढी, मागं ट्रॅक्टरांवर, भिंतींवर, झाडांवर. कराडच्या निवेदकांनी वाकून माईक माझ्या हातात दिला. मालन बायकांच्या बाजूला बसली होती, पदरात पाण्याची दुसरी बाटली घेऊन. पहिली जोड मैदानात उतरली. मी पाणी प्यालो, नावं वाचली, तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो ऐकून पुढच्या रांगेतले दोघंतिघं एकमेकांकडं बघायला लागले. मागनं, पार ट्रॅक्टरांकडनं, एक म्हातारा ओरडला, "मास्तर, ऐकू येईना वो."

पूर्वी मी गर्दीच्या वरून बोलायचो. गर्दीनं काय करायचं ते गर्दी करायची. मी माईक तोंडाच्या अगदी जवळ आणला.

"मग गप बसा," मी म्हणालो, "म्हंजे येईल."

आधी हशा झाला. मग तो विरला. शेंगा फोडायचा आवाज थांबला, शिट्ट्या थांबल्या, झाडावरची बडबड थांबली. एवढं मोठं मैदान माझ्या बारीक आवाजापर्यंत खाली आलं. मातीत उभ्या दोघांपैकी एकानं माझ्याकडं वळून बघितलं. मी त्याचं नाव घेतलं, त्याच्या गावाचं नाव घेतलं, त्याच्या आईचं नाव घेतलं.